एका पायाची हळद

आमच्या तुळशीने आजवर किती लग्नं लावली ते तिलाही सांगता यायचं नाही. पण त्यातलं एक लग्न असं आहे की ते लग्नात धरायचं की नाही यावर आमच्या गावात, चामटोलीत, अजून दोन मतं आहेत. ते समजायला आधी तुळशी समजली पाहिजे, म्हणून तिथून सुरू करते.

तुळशी माझी धाकटी जाऊ. मिठागरावरची पोर. लग्न होऊन आली तेव्हा टाचांना भेगा होत्या आणि आवाज असा की विहिरीवर बोलली तर शिरगावात ऐकू जावं. आमची सासू धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांत पूर्वी लग्न धवलारीण लावायची. ती धवले गाते, म्हणजे देवांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते, नवऱ्यानवरीच्या आईबापांची नावं गाण्यात ओवते आणि हळदीपासून अक्षतांपर्यंत सगळं गाण्यावर पार पाडते. सासूने आधी मला शिकवून बघितलं, थोरली म्हणून मान माझा. मी दोन ओळी म्हटल्या. ती म्हणाली, तू भाकऱ्या चांगल्या करतेस. मग तुळशीला समोर बसवलं.

सासूचा एक नियम होता. गाणं म्हणून हळद लावली की लग्न लावूनच उठायचं. एकाची हळद अर्धी टाकून धवलारणीने दुसऱ्याच्या मांडवात पाऊल टाकायचं नाही. बाकी गावांत असा नियम आहे की नाही मला माहीत नाही, आमच्या घरात होता. सासू गेली, नियम मागे राहिला.

तुळशीचा नवरा, म्हणजे माझा दीर, फार लवकर गेला. धर्मेश तेव्हा रांगत होता. तुळशीने डोक्यावर काकड्यांची पाटी घेतली आणि उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये बसायला लागली. सिंधी बायकांशी घासाघीस करून करून तिला अर्धी सिंधी यायला लागली, ती फक्त भाव करण्यापुरती. लग्नसराईत मात्र पाटी खाली आणि धवले सुरू. मग हळूहळू गावात डीजे आला, भटजी आला, वर उडणारा कॅमेरा आला. मांडव तेवढेच होते, पण गेली दोन वर्षं तुळशीला एकाही मांडवातून बोलावणं आलं नव्हतं. लग्नसराईत ती घरातली भांडी जरा जास्त घासायची, एवढंच.

अशात माझ्या नातीचं, तेजलचं लग्न वैशाखात ठरलं. तेजल म्हणाली, डीजे काय असेल तो असू दे, धवले तुळशीआजी म्हणणार, नाहीतर मी पाटावर बसत नाही. तुळशीने हे ऐकून विचारलं, तांदूळ कुठला आणताय. दुसरं काही विचारलं नाही. पण त्या दुपारी परसात कपडे वाळत घालताना ती गात होती, आणि एकच लुगडं तिने बऱ्याच वेळा वाळत घातलं.

आता यात खेळाडू कुठून आले ते सांगते. धर्मेशने जमिनीचा तुकडा विकून तीन माळ्यांची बिल्डिंग बांधली होती. तिला लिफ्ट नव्हती आणि पाणी टँकरचं, त्यामुळे भाडेकरूही नव्हते. कॅम्प चारमध्ये नानिकराम शेठचा फर्निचरचा कारखाना आहे. तुळशी त्यांच्या दाराशी पाटी घेऊन बसायची, तेव्हापासूनची ओळख. या शेठने बास्केटबॉलची टीम विकत घेतली. पगारी खेळाडूंची नवीन लीग निघाली होती. बास्केटबॉलच का, तर क्रिकेटच्या टीम बाकीच्या व्यापाऱ्यांनी आधीच घेऊन टाकल्या होत्या. टीमचं नाव उल्हास थंडर्स. शेठने ही सगळी टीम धर्मेशच्या बिल्डिंगमध्ये ठेवली आणि स्वयंपाकाचं काम तुळशीला दिलं. पलंग त्यांच्याच कारखान्यात मुद्दाम लांब बनवून घेतले. ते इतके लांब झाले की जिन्यात वळेनात. शेवटी दोर बांधून गॅलरीतून वर ओढले. अर्धं गाव खाली उभं राहून डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या सांगत होतं.

माणसंही पलंगांच्या मापाची होती. कुणी पंजाबचा, कुणी चेन्नईचा, कुणी नागपूरचा. पहिल्या आठवड्यातच दारांच्या चौकटींवर कपाळाच्या तेलाचे डाग पडले. आपल्याकडचा एकच, अंबरनाथचा यज्ञेश. बाप बाळ आणि आई कुमुदिनी. बाप कंपनीत ऑफिसर होता. मुलगा इंजिनियर होऊन बास्केटबॉल खेळतो हे तो लोकांना सांगताना फक्त इंजिनियरपर्यंत सांगायचा.

तुळशी आणि मी एकदा खेळ बघून आलो. इकडची माणसं तिकडे पळतात, तिकडची इकडे, आणि चेंडू एवढ्या खटपटीने जाळीत टाकला की खालून पडतो. तुळशी म्हणाली, ती जाळी खालून शिवून घ्या, म्हणजे या पोरांची दगदग वाचंल. थंडर्सना याची फारशी अडचण नव्हती, कारण त्यांचा चेंडू जाळीत क्वचित जायचा. ते हरत होते. हरून आले की दुप्पट जेवत होते. नानिकराम शेठ एकदा पंगतीत येऊन उभे राहिले, तांदळाच्या भाकऱ्यांची चवड संपताना बघत राहिले आणि म्हणाले, “अम्मा, खाते तो चॅम्पियन जैसे हैं.”

पौषात यज्ञेशचा पाय मुरगळला. घोटा सुजून टम्म. टीमचा मालीशवाला शेठनी अर्ध्या पगारावर ठेवला होता, त्यामुळे तो अर्धेच दिवस यायचा. त्या दिवशी तो नव्हता. तुळशीने पळीत हळद आणि चुना गरम केला, यज्ञेशला ओट्यावर बसवलं, पाय पाटावर घेतला आणि लेप लावायला लागली.

आता बघा, जन्मभर ज्या बाईचा हात हळदीत गेला की तोंडातून गाणं आलं, तिचा हात हळदीत गेला. गाणं आलं. मी समोर तांदूळ निवडत होते, सवयीने मागची ओळ मी धरली. एकवीरा आली, खंडोबा आला, गावदेवी आली, वेशीवरचा म्हसोबा आला. मग आईबापांच्या नावाची जागा आली. तुळशीने चाल न मोडता यज्ञेशला विचारलं, बापाचं नाव काय, आईचं काय. त्याने मुकाट्याने सांगितलं. हॉस्पिटलात विचारतात तसंच काहीतरी असेल, असं त्याला वाटलं. बाळरावांचा लेक, कुमुदिनीचा लेक, असं रीतसर गाऊन झालं. शेवटी माझ्या सुपातले चिमूटभर तांदूळ घेऊन तिने त्याच्या डोक्यावर टाकले आणि मग ती एकदम थांबली.

यज्ञेश म्हणाला, मावशी, बरं वाटतंय.

तुळशी माझ्याकडे बघत म्हणाली, “बाय, याला हलद लागली गो.”

मी म्हटलं, तेल लाव आणि धुऊन टाक.

“हलद धुता येल. नावं घेतली ती कशी धुवू?”

अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणाला ते गाणं येत नव्हतं.

रात्रीच्या जेवणानंतर धर्मेशने आईला समजावलं. ते औषध होतं, कुणी ऐकलं नाही, तेजलच्या सासरच्यांना तर कळायचं कारणच नाही. तू गप वैशाखात जाऊन बस आणि गा. आमच्या घरच्यांनीही, म्हणजे तेजलच्या आजोबांनी, तेच सांगितलं. तुळशी सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाली, “देवांना आवतन गेलाय. येऊन बसलेत ते. लगीन नाय, जेवन नाय, त्यांना उठा कसं सांगू? यांना असंच बसवून ठेवायचं, आन तेजलच्या मांडवात परत त्यांनाच बोलवायचं?”

धर्मेश नंतर मला म्हणाला, काकी, यावर उत्तर आहे, पण आईला देता येत नाही.

म्हणजे आता असं झालं की वैशाखाच्या आत यज्ञेशचं लग्न लागलं तर तुळशी माझ्या नातीच्या लग्नात गाणार. नाही लागलं, तर नाही. आणि तेजल पाटावर बसणार नाही म्हणून बसलेली. दोघी सारख्याच हट्टी, फक्त एक सून म्हणून आलेली आणि एक लेक म्हणून जाणारी.

तुळशीने यज्ञेशला सरळ सांगितलं की तू आता नवरदेव आहेस, तेव्हा लग्न कर. तो हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. त्याने सांगितलं की त्याने घरी कधीचं सांगून ठेवलंय, आधी कप जिंकीन, मग लग्न करीन. थंडर्सचा खेळ बघता हे सरळ नाही म्हणण्यासारखंच होतं. तरी तुळशीने ते शब्द पकडून ठेवले.

तोवर नवरदेवाचे नियम लागू झाले. हळद लागलेल्या नवऱ्याने हातात लोखंड ठेवायचं असतं, म्हणून तिने सासूचा अडकित्ता त्याच्या बॅगेत टाकला. हळद लागलेल्याला एकटं सोडायचं नसतं, म्हणून पंजाबच्या सगळ्यात उंच खेळाडूला, ज्याला सगळे पाजी म्हणायचे, करवला नेमलं. पाजीला काम समजलं नाही, पण मावशीने सांगितलंय म्हणून तो यज्ञेशच्या मागे मागे फिरायचा. संडासाच्या बाहेरही हाताची घडी घालून उभा राहायचा.

आणि थंडर्स जिंकायला लागले.

कोच म्हणायचे की यात हळदीचा काही संबंध नाही. पाय दुखत असल्यामुळे यज्ञेशला पळता येत नाही, म्हणून तो एका जागी उभा राहून चेंडू दुसऱ्यांना देतो, आणि पहिल्यांदाच बाकीच्यांना चेंडू मिळतोय, म्हणून जिंकतोय. कोचचं कुणी ऐकलं नाही. सगळी टीम पायजमे वर करून ओट्यावर रांगेत येऊन बसली, मावशी, आम्हालाही हळद. तुळशीने सगळ्यांना उठवलं. म्हणाली, एकाचं निस्तरता नाकी नऊ आलेत.

पुण्याला एका मॅचला गेटवरच्या शिपायाने बॅग तपासून अडकित्ता काढून घेतला. त्या मॅचला थंडर्स असे हरले की शेठ अर्ध्यातूनच गाडीत जाऊन बसले. मॅचनंतर अडकित्ता परत मिळाला, आणि तेव्हापासून तो कोचच्या खिशात जायला लागला, कारण कोचला कुणी तपासत नाही. संबंध नाही, संबंध नाही म्हणत ते खिशात हात घालून बाकावर बसायचे आणि खेळ अटीतटीला आला की खिशातून कट् कट् आवाज यायचा.

फाल्गुनात एक दिवस ओट्याशी रिक्षा थांबली आणि यज्ञेशची आई कुमुदिनीबाई उतरल्या. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. आम्हाला वाटलं भांडायला आल्या. तुळशीने पाणी दिलं. त्यांनी ते पिऊन, ओठ टिपून विचारलं की माझ्या मुलाला तुम्ही हळद लावली हे खरं का. तुळशी म्हणाली, हो, चुकून. कुमुदिनीबाईंनी पर्समधून मुलींच्या फोटोंचं पाकीट काढलं आणि म्हणाल्या, “तुळशीबाई, माझं तो ऐकत नाही. तुम्ही अजिबात सोडू नका.”

त्या दिवसापासून अंबरनाथ आणि चामटोली एक झालं.

थंडर्स फायनलला पोचले. फायनल आमच्या शेजारच्या बदलापूरच्याच हॉलमध्ये, समोर परत पुणे. तोवर गावात बास्केटबॉल कुणाला कळत नव्हता, पण तेजलच्या लग्नातले धवले या कपावर अडलेत हे सगळ्यांना कळत होतं. माणसं टेम्पो करून आली. गावातल्या बायका घरातली सूपं घेऊन आल्या आणि बडवायला लागल्या. पुण्याच्या टीमने तक्रार केली. पंचांनी नियम बघितले, त्यात सुपाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

खेळ शेवटपर्यंत मागेपुढे होत राहिला. अगदी शेवटी दोन्हीकडे गुण सारखे आणि यज्ञेशला कुणीतरी पाडलं. असं पाडलं की पडलेल्याला जाळीसमोर उभं करतात, बाकी सगळे बाजूला होतात आणि तो एकटा चेंडू टाकतो. तुळशीने माझा दंड धरला. “बाय, त्याला एकट्याला सोरलाय. पाजी कुठं हाय?” पाजी तिथेच होता, पण त्याला पुढे जायची परवानगी नव्हती. तुळशीने डोळे मिटून घेतले. मी तिच्याकडेच बघत राहिले. त्यामुळे तो चेंडू जाळीत गेला तेव्हा आमच्या दोघींपैकी कुणीच बघितला नाही. सूपं वाजायची थांबली आणि परत वाजली, त्यावरून कळलं.

थंडर्स चॅम्पियन झाले. नानिकराम शेठ रडले. कोचनी खिशातून अडकित्ता काढून तुळशीच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला, संबंध नसताना.

तुळशी सरळ यज्ञेशकडे गेली. कप मिळाला, आता लग्न, असं म्हणाली. तो घामाने निथळत होता. म्हणाला, “मावशी, मी नाही कुठे म्हणतोय? पण मुलगी तर हवी ना.” तेजलची हळद पुढच्या आठवड्यात होती. कुमुदिनीबाईंनी तिथेच फोटोंचं पाकीट काढलं, पण आठवड्यात पोरगी बघून, पसंत करून, तिच्या घरच्यांना सांगून लग्न उभं राहत नाही हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी पाकीट परत ठेवलं.

दोन दिवस तुळशी नुसतं जेवण रांधत राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. म्हणाली की पूर्वी एखाद्या पुरुषाचं रुईच्या झाडाशी लग्न लावत असत. तो कप मिळेपर्यंत लग्न नाही म्हणत होता, तर मग कपाशीच लावून टाकू. कप काय, झाडापेक्षा बरा, जागचा हलवता येतो.

सगळे कबूल झाले. अडून बसल्या त्या कुमुदिनीबाई. त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. “उद्या स्थळं बघायला गेले की मी काय सांगू? मुलगा इंजिनियर, उंच, निर्व्यसनी, आणि बिजवर?”

हे खरंच अवघड होतं. बाळराव तर म्हणाले की या घरात आता मला कुणी काही विचारू नका. तुळशी बराच वेळ ओट्यावर यज्ञेशच्या पायाकडे बघत बसली. मग तिने कुमुदिनीबाईंना जवळ बोलावलं. “हलद मी याच्या एका पायाला लावली. आंगाला नाय, तोंडाला नाय, दुसऱ्या पायाला पन नाय. मंग लगीन पन त्या पायाचाच लागंल. बाकीचा पोर तुमचा कोराच हाय.”

कुमुदिनीबाईंनी यावर नीट विचार केला. डावा पाय की उजवा, ते विचारून घेतलं. डावा म्हटल्यावर त्या हो म्हणाल्या. डाव्याने काय फरक पडला ते मी विचारलं नाही.

लग्न धर्मेशच्या बिल्डिंगच्या अंगणात लागलं. यज्ञेशला खुर्चीत बसवलं, डावा पाय पाटावर. मुंडावळ्या घोट्याला बांधल्या. समोरच्या पाटावर कप. कपाला दोन कान होते, त्यांत हिरव्या बांगड्या चढवल्या. मध्ये पंचा धरला. पाजी करवला म्हणून मागे उभा. कपाच्या आईबापांची नावं हवी होती, तेव्हा नानिकराम शेठ पुढे होऊन म्हणाले, “अम्मा, मेरा लिखो,” आणि शेठाणीचंही सांगितलं. तुळशीने सगळं रीतसर गायलं, एक ओळ गाळली नाही. अक्षता पडल्या. अंगणात मटण-भात झाला, पहिलं पान देवांना. कप शेठ कॅम्प चारच्या दुकानात घेऊन गेले. नवरी माहेरीच राहिली, पण त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

यज्ञेशच्या बाकीच्या शरीराचं लग्न अजून व्हायचंय. कुमुदिनीबाई बघतायत.

तेजलच्या लग्नात तुळशी पहाटेच मांडवात जाऊन बसली. डीजेवाल्या पोराने आधी विचारलं, आजी, किती वेळ घेणार? ती म्हणाली, गानं आहे तेवढा. मग गायला लागली. पहिल्या धवल्याला लोक बोलत होते, मोबाईल काढत होते. दुसऱ्याला कमी बोलत होते. तेजलच्या आईबापांची नावं आली तेव्हा माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, जो गाडी कुठे लावायची यावरून कुणाशीतरी हुज्जत घालत होता, तो ती सोडून मांडवात येऊन उभा राहिला. डीजेवाला पोरगा पायरीवर बसून ऐकत होता. त्याने मशीन मधे सुरू केलं नाही, आणि त्याला कुणी तसं सांगितलेलंही नव्हतं. मी मागची ओळ धरत होते. माझा आवाज अजून तसाच आहे, पण तुळशीच्या आवाजाखाली कुणाचाही खपून जातो.

जेवणं झाल्यावर नवऱ्याकडच्या दोन बायका तिच्याजवळ येऊन बसल्या. एकीच्या पुतणीचं लग्न मार्गशीर्षात होतं, दुसरीच्या मुलीचं माघात. धवले म्हणायला येशील का, असं त्यांनी विचारलं. तुळशीने पदराने तोंड पुसलं, पानाला चुना लावला आणि लगेच हो म्हटलं नाही. नवरामुलगा खेळबीळ खेळत नाही ना, हे आधी दोघींकडून विचारून घेतलं.